वर्ल्ड ऑन फायर मराठीत: नऊ भाग झाले, चार बाकी

मागच्या नोंदीला अडीच महिने झाले. मधे दिवाळी, मुलीची परीक्षा आणि कीबोर्डवर सांडलेला चहा, एवढं सगळं उरकलं. तरी गाडी सरकली आहे. पहिल्या पर्वाचे सातही भाग मी केलेल्या मराठी सबटायटलांसह घरी दाखवून झाले, दुसऱ्या पर्वाच्या सहांपैकी दोन तयार आहेत. तेरातले नऊ.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ‘वर्ल्ड ऑन फायर’ ही बीबीसीची मालिका, लेखक पीटर बोकर, पहिलं पर्व २०१९ चं, दुसरं २०२३ चं. दुसरं महायुद्ध आहे, पण नकाशासमोर काठी फिरवणारे सेनापती नाहीत. मँचेस्टरचा एक बस कंडक्टर, त्याची गाणारी मुलगी, वॉर्सॉतली वेट्रेस कासिया, पॅरिसच्या इस्पितळातला डॉक्टर, बर्लिनमधलं चौकोनी कुटुंब, अशी माणसं. आणि प्रेक्षक म्हणजे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरचा रविवारचा कंपू: सासूबाई (वय ८२), वरच्या मजल्यावरचे नाना (टपालखात्यातून निवृत्त), समोरच्या काकू (माहेर कोल्हापूर), एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारा भाचा आणि माझी मुलगी. नवरा येतो, पण चकल्यांपुरता.

प्रत्येक भागानंतर प्रत्येकाचं मत वहीत लिहायचं आणि पाचपैकी गुण घ्यायचे असं मी ठरवलं होतं. गुणांचा प्रकार दुसऱ्याच रविवारी बारगळला. सासूबाई सगळ्याला चार देतात, “कष्ट केलेत ना त्यांनी.” आता जे तोंडून निघेल तेवढंच लिहिते. आणि खरं सांगते, गेल्या काही भागांचं भाषांतर मी शब्दकोशापेक्षा या वहीवरच रेटलंय.

डग्लस बेनेटचंच घ्या. हा तो बस कंडक्टर, म्हणजे शॉन बीन. पहिल्या महायुद्धातून परतला तो आतून मोडून, म्हणून आता युद्धाच्या पार विरोधात. मूळ शब्द शेल शॉक. मी ‘युद्धजन्य मानसिक आघात’ लिहून मोकळी झाले होते. पाटी पडद्यावर दोन सेकंद राहिली. नाना ‘युद्धजन्य’पर्यंत पोचले, काकू ‘मानसिक’पर्यंत. सासूबाईंनी वाचायचा प्रयत्नच केला नाही, त्या डग्लसच्या हातांकडे बघत होत्या. म्हणाल्या, “धसका घेतलाय गं त्यानं.” त्याच रात्री सगळ्या फाइलींमध्ये शोधून शोधून ‘धसका’ केला. तीन अक्षरं, आणि घेतो, बसतो, खातो, काय हवं ते त्याच्याबरोबर लावता येतं.

एका पाटीत किती अक्षरं बसवायची, असं मागे दोघांनी विचारलं होतं, ते इथेच सांगते. इंग्रजीसाठी सेकंदाला १७ अक्षरं हे माप बरेच जण धरतात. मी वापरते ते सबटायटल एडिट हे सॉफ्टवेअर आपल्या मात्रा आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी मोजतं. ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एक अक्षर, त्याच्या लेखी सहा. त्यामुळे ओळ लाल झाली म्हणून घाबरू नका. माझं माप सोपं आहे: नाना सगळं मोठ्याने वाचतात. नानांचं वाचून व्हायच्या आत पाटी गेली तर ओळ लांब.

पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावायचा नाद मी सोडला. आमच्या टीव्हीचा स्वतःचा प्लेअर जोडाक्षरं फोडतो आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे फेकतो, ‘स्थिती’ची जी स्थिती झाली ती बघवत नव्हती. आता लॅपटॉप, व्हीएलसी आणि एचडीएमआयची वायर. डीव्हीडी ब्रिटनच्या आहेत, म्हणजे विभाग २, आणि भारत विभाग ५ मध्ये, त्यामुळे घरच्या डीव्हीडी प्लेअरने आधीच तोंड फिरवलं होतं.

या मालिकेत पोलिश माणसं पोलिश बोलतात, जर्मन जर्मन, आणि त्याची इंग्रजी पाटी खाली चित्रातच छापलेली. तिच्यावर मराठी चढली की खिचडी. अशा ओळी मी वर नेल्या आणि पिवळ्या केल्या. कंपूला हे फार आवडलं. पिवळं दिसलं की काकू सांगतात, “आता परक्यांचं.” इंग्रज कधीपासून घरचे झाले, ते विचारायचं राहिलं.

मग मँचेस्टरच्या आत दोन इंग्रजी. मालिकेतला तरुण दुभाष्या हॅरी, त्याची आई रॉबिना बड्या घरची, तिला मी ताठ पुस्तकी मराठी दिली. डग्लस आणि त्याची मुलगी लॉइस यांना आमची बडोद्याची, गुजराती शिंतोडे उडालेली. भाचा म्हणाला, हे ओढूनताणून आहे. असेल. पण हवाई हल्ल्याच्या भोंग्याच्या वेळी मी ‘दिवा घालव, बारी लाव’ अशी ओळ टाकली, आणि सासूबाई चित्र थांबवायला सांगून १९७१ वर गेल्या. खिडकीच्या काचांना चिकटवलेला काळा कागद, तो लावायला घरात केलेली खळ, सासऱ्यांच्या स्कूटरच्या दिव्याला वरून अर्धा काळा रंग. “रंग नंतर निघेना, तर तसाच चालवला दोन वर्षं.” अर्धा तास मालिका थांबलेली. मुलगी मधेच म्हणाली, “डग्लस अगदी आजीसारखा बोलतो.” बारी ठेवली आहे, खिडकी करणार नाही.

लढाईच्या प्रसंगांवर वहीत जवळपास काही नाही. डंकर्कवर एक ओळ आहे, “वाळू फार.” अपवाद एकच, आणि तो मी आयुष्यात विसरणार नाही. डान्झिगचं, म्हणजे आजच्या ग्दान्स्कचं, पोलिश पोस्ट ऑफिस. १ सप्टेंबर १९३९. कासियाचे वडील आणि भाऊ ग्झेगोश तिथे आत आहेत. नाना एरवी मागे टेकून बसतात, ते पुढे सरकले. “टपालवाले लढले?” मी सांगितलं, खरोखर लढले, पंधरा तासांच्या आसपास. नंतर पकडलेल्यांपैकी ३८ जणांना ५ ऑक्टोबरला गोळ्या घातल्या. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “आणि डाक? आत पडलेल्या डाकेचं काय झालं?” पुढच्या रविवारी आल्या आल्या तो प्रसंग परत लावायला लावला. त्यांच्यासाठी मी ‘पोस्ट ऑफिस’ काढून ‘टपाल कचेरी’ केलं.

हॅरीवर मात्र घरात दोन तट आहेत. हा वॉर्सॉच्या ब्रिटिश वकिलातीतला दुभाष्या, म्हणून मला धंदाबंधू, पण माझीही सहानुभूती संपत आलीय. वॉर्सॉत कासियाशी लग्न, इकडे लॉइसला दिवस गेलेले. काकू म्हणाल्या, “दोन्ही डगरींवर हात.” भाच्याने बाजू घेतली, युद्ध आहे, पोरगेलाच आहे तो. सासूबाई उसळल्या, “पोरगेला? बाप होणार आहे तो!”

याउलट रॉबिना. पहिल्या भागात हॅरी आणि लॉइस ब्रिटिश फॅसिस्ट पुढारी मोस्लेच्या काळ्या शर्टवाल्यांच्या सभेत गोंधळ घालतात, आणि या बाईला त्या मोस्लेबद्दल ममत्व. घरात तिच्यावर सगळे तुटून पडतील असं वाटलं होतं. पण हॅरी कासियाच्या धाकट्या भावाला, यानला, तिच्या दारात आणून उभा करतो, आणि तिथून सासूबाईंनी तिला पदराखाली घेतलं. “तोंडानं कडू आहे, पण पोराचं ताट आधी बघते.” रॉबिना झालेल्या लेस्ली मॅनव्हिलला याहून मोठी पावती मिळाली असेल असं वाटत नाही.

कासिया आली की काकू वळिवडे काढतात. मला वाटलं होतं एकदा सांगून थांबतील. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं. काकूंच्या आईने त्यांना कोल्हापूरच्या बाजारात पाहिलेलं. इकडे गुजरातेत जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहांनी पोलिश मुलांना ठेवून घेतलं, तिथे आता सैनिक शाळा आहे. वॉर्सॉत त्यांच्या नावाने ‘चांगल्या महाराजांचा चौक’ आहे. काकूंची तक्रार रास्त आहे: त्यांच्या वळिवड्याचे लोक जर्मनांपासून पळालेले नव्हते. पूर्व पोलंडातून रशियाने त्यांना सैबेरियाकडे हाकललं, तिथून ते इराणमार्गे इकडे आले. मालिकेची कासिया जर्मनांच्या ताब्यातल्या वॉर्सॉत अडकलेली. “अर्धंच पोलंड दाखवलंय,” म्हणतात. एका मालिकेत किती कोंबायचं, असं भाचा म्हणाला, तर त्याला कालनिर्णयच्या पाठीवर काढलेला तक्ता दाखवण्यात आला. मँचेस्टर, वॉर्सॉ, बर्लिन, पॅरिस, बाणांसकट. तक्त्याशिवाय काकू बसत नाहीत. एवढे सांधे बदलणं हा मालिकेचा दोष आहे, मी मान्य करते. एका घरात जरा रमावं तर गाडी दुसऱ्या शहरात.

बर्लिनच्या घराच्या प्रसंगांवर कंपूत कोणी बोललं नाही. फिट येणारी हिल्डे आणि ते लपवणारे आईबाप. हिटलरने अशा माणसांच्या हत्येच्या हुकमावर सही ऑक्टोबर १९३९ मध्ये केली आणि तारीख मागची, १ सप्टेंबरची घातली. टपाल कचेरीचीच तारीख, हे नानांनी लक्षात आणून दिलं. त्या भागाच्या पानावर मी फक्त तेवढंच लिहिलंय.

दुसऱ्या पर्वात शॉन बीन नाही. “माझा बसवाला कुठे गेला?” हा प्रश्न दोन रविवार पुरला. हवाई दलाचा वैमानिक आला तेव्हा भाच्याने कुठूनसं शोधून आणलं की रॉयल एअर फोर्सची १२४ क्रमांकाची स्क्वॉड्रन ‘बडोदा’ नावाची होती, १९४१ मध्ये नव्याने उभी राहिलेली, स्पिटफायरवाली, गायकवाडांच्या देणगीतून. नाना खूश, “म्हणजे विमानं बडोद्याची!” सासूबाई म्हणाल्या, “विमानं त्यांची. पैसे बडोद्याचे.”

आता अडलंय ते राजीबपाशी. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातला हिंदी सॅपर. त्या युद्धात आपले पंचवीस लाख लोक होते, १९४२ च्या जूनमध्ये टोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण तिथेच सापडली, त्यामुळे या पात्राची कंपूत केव्हापासून वाट पाहणं चाललंय. पण सॅपरला मराठीत काय लिहायचं? ‘सुरुंग काढणारा’ ही पाटी नाही, परिच्छेद आहे. नाना म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या पलटणीत सरळ ‘सफरमैना’ म्हणायचे, सॅपर्स अँड मायनर्सचं आपल्या तोंडात झालेलं रूप. भाच्याच्या मते आज हे कोणालाही कळणार नाही. मी तूर्तास आठव्या भागात सफरमैना ठेवलाय. रविवारी चाचणी घेतली. नानांनी झोकात वाचलं, मुलीने भुवया उंचावल्या, सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, “यात मैना कुठे आली गं?”