दोन भोकांचे पैसे

"दोन भोकांचे एवढे पैसे?" शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं. कारागीर अजून वायर गुंडाळत होता. त्याने ऐकलं, पण मान वर केली नाही.

बडोद्याच्या घरात बाथरूममध्ये टॉवेलचा रॉड लावायचा होता, एवढंच. टाइल व्हिट्रिफाइड, दगडासारखी कडक. त्याने खुणेवर मास्किंग टेप चिकटवला, म्हणजे ड्रिलचं टोक, बिट, घसरत नाही. ड्रिलचा हॅमर बंद केला, कारण ठोका बसला की टाइल तडकते. साध्या सिरॅमिकला कार्बाइडचं टोकदार बिट चालतं. इथे हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट लागलं. माझ्या हातात तांब्या दिला. "बेन, धीमे धीमे पाणी रेडजो." म्हणजे हळूहळू ओता. पाण्याने बिट थंड राहतं आणि सिलिकाची बारीक धूळ उडत नाही. ती धूळ वर्षानुवर्षं ज्यांच्या छातीत जाते, ती माणसं हीच!

मग मी म्हटलं, शॉवरच्या काचेलाही एक भोक पाडून द्या, त्याचे वेगळे पैसे देते. त्याने काचेच्या कोपऱ्यातल्या 'टफन'च्या, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेच्या, शिक्क्यावर बोट ठेवलं आणि सरळ नाही म्हणाला. अशा काचेला भोकं भट्टीत जाण्याआधीच पाडतात; नंतर ड्रिल लावलं तर अख्ख्या काचेचा चुरा होतो.

हातात आलेले पैसे त्याने सोडले. हे काकूंना कुठे दिसलं?

डॉक्टरांच्या फीला आपण मिनिटांचा हिशेब लावत नाही. कारागिराला मात्र त्याच्या तोंडावर लावतो. मला फार लागलं ते.

तुमच्याकडे अशा कामाची मजुरी कशी ठरवतात?