तलावपाळीवर शुगर 62
मला टाइप वन डायबेटिस झाला तेव्हा मी तिसरीत होते, आता 17 वर्षं झाली. लोकांना अजून वाटतं लहानपणी गोड खाऊन झालं असेल, अहो नाही, आपलीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते, पेढ्यांचा काही दोष नाही यात.

परवा ठाण्यात तलावपाळीला फेऱ्या मारताना हातपाय थरथरायला लागले, बघितलं तर शुगर 62. 70च्या खाली म्हणजे लो. मग तिथेच कट्ट्यावर बसून ग्लुकोज पावडर तोंडात टाकली, आता 15 मिनिटं थांबायचं आणि परत चेक करायचं. शाळेत हेच सगळं बेंचखाली लपवून करायचे, कोणी बघितलं की रडूच यायचं. परवा मात्र शेजारच्या आजींनी विचारलं, "काय गं, चक्कर येतेय का?" तर सरळ सांगून टाकलं, मग काय, पाऊण तास त्यांच्या सुनेच्या तक्रारी!

कोरी कीज नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 2002 मध्ये लिहिलं होतं की मानसिक आजार नाही म्हणजे मन मजेत आहे असं नसतं. मला एकदम पटलं. बारावीत माझे सगळे रिपोर्ट छान होते, डॉक्टर खुश, आणि मी मात्र दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर तेव्हा नव्हता, 2022 ला आला. असता तरी केला असता का फोन, देव जाणे.

असो, आईचा फोन येतोय. रात्रीचं इन्सुलिन घेतलंस का विचारायला. पंचविशीत पण!