तुम्ही विचारलंत म्हणून: दरवर्षी पाळण्यातच का?

डिसेंबर लागला की सोसायटीत कुणी ना कुणी विचारतंच, "काय हो, यंदाही माहीमच्या मेळ्याला? एवढी मोठमोठी पार्कं झालीत आणि तुम्ही अजून त्या लोखंडी पाळण्यात बसता? तेही सासूबाईंना घेऊन?" जिन्यात उभ्या उभ्या काय सांगणार! "आवडतं आम्हाला," म्हणते आणि वर येते. पण गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी अगदी मनापासून विचारलं, म्हणून आज नीट सांगते.

मोठ्या पार्कांशी माझं वाकडं नाही. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. खाडी ओलांडायला होडीत बसलो तिथूनच आमची सहल सुरू झाली होती. ते बंद झाल्याचं कळलं तेव्हा मला खरंच चुटपुट लागली. खोपोलीजवळच्या इमॅजिकालाही आम्ही जाऊन आलो. रोलर कोस्टरमधून उतरल्यावर नवऱ्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. पण तो कसा झाला ते मी खाली उभी राहून पाहिलं. आमची मुलगी तेव्हा उंचीच्या पट्टीला पोचत नव्हती, आईंना, म्हणजे सासूबाईंना, गुडघ्यांमुळे बसता येत नव्हतं, आणि दोघींजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. नंतर तो थांबला आणि मी गेले. खांद्यावरून पट्टे, समोर पुढच्याची पाठ. मजा आली, पण ज्याची त्याला.

पाळण्याच्या डब्यात दोन बाकडी समोरासमोर असतात. चौघं बसलो की गुडघ्याला गुडघे लागतात. दुसरीकडे बघायचं म्हटलं तरी नजर फिरून घरच्यांच्याच तोंडावर येते. एरवी आम्ही चौघं असं समोरासमोर कधी बसतो? जेवताना टीव्ही चालू असतो, गाडीत सगळे रस्त्याकडे बघतात.

पहिल्या वर्षी आईंना मी भीत भीतच आत बसवलं. त्यांनी पदर कमरेला घट्ट खोचला, चपला काढून बाकड्याखाली सरकवल्या आणि मधला दांडा दोन्ही हातांनी धरला. दांड्याचा निळा रंग जिथे हात पडतात तेवढ्याच भागात उडालेला होता. चाक हललं आणि थांबलं, पुन्हा हललं, पुन्हा थांबलं. पाळणेवाला एक डबा भरला की चाक अर्धं फिरवून समोरचा भरतो. सगळी माणसं एकाच बाजूला बसवली तर मोटरवर ताण येतो आणि चाक झटके देतं. त्यामुळे खाली भरणं चालू असतं तोवर आपण वर लोंबकळत असतो.

मला सगळ्यात आवडतो तो हाच वेळ. एका बाजूला मखदूम शाहबाबांच्या दर्ग्याची रोषणाई, उरसाची पहिली चादर जिथे मुंबई पोलीस चढवतात तो. दुसऱ्या बाजूला काळा समुद्र आणि त्यावर सी लिंकच्या दिव्यांची ओळ. खालून खाज्याचा आणि कबाबाचा वास येतो, माणसांचा गलका मात्र विरळ होत जातो. तिथे डबा हलकेच झुलत असताना आईंनी एकदा आपण होऊन सांगितलं, की पालीच्या खंडोबाच्या यात्रेत चार डब्यांचा लाकडी पाळणा यायचा आणि माणसं तो हाताने फिरवायची. आईंचे वडील त्यांच्या भावाला दोन फेऱ्या द्यायचे, आईंना एक. "दुसऱ्या फेरीला मी खाली उभी राहून त्याच्या चपला धरायचे," म्हणाल्या. लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यानेही नव्हतं.

मग चाकाने वेग घेतला. वरून उतरताना बाकडं आपल्याखालून निसटतंय असं वाटतं, अंगाचं वजन कमी झाल्यासारखं होतं आणि पोटात गोळा येतो. तळाशी आलं की उलट, कुणीतरी बाकड्यात दाबून बसवल्यासारखं. पहिल्याच उताराला आई ओरडल्या, "आई गं!"

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. आजीलाही आई होती आणि घाबरल्यावर तिलाही आईच आठवते, हे तिला तिथे, त्या डब्यात, समोर दिसलं. घरी आल्यावर झोपताना तिने मला विचारलं, "आजीची आई कशी होती गं?" दुसऱ्या दिवशी ट्रंकेतला जुना फोटो बाहेर निघाला.

पुढे शाळेच्या प्रकल्पासाठी तिने पाळण्याचीच माहिती जमवली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनियरने उभारलेल्या चाकाला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं मावायची. पण लाकडी पाळणे त्याच्याही खूप आधीचे. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० साली तुर्कांच्या राज्यात असे पाळणे पाहिले आणि त्यांचं चित्रही काढून ठेवलं. हाच मंडी पुढे सुरतेला आला. हे ऐकून आई म्हणाल्या, "मग आमच्या पालीचा पाळणाच जुना म्हणायचा की!" आणि दिवसभर खुशीत होत्या.

आता भीतीचं. भीती वाटते, आणि वाटायलाच हवी. एका गावच्या जत्रेत वीज गेली आणि आम्ही वीस मिनिटं वर अडकलो होतो. तेव्हापासून मी तिकिटाआधी एक फेरी खाली उभी राहून बघते. डब्याच्या दाराला कडीबरोबर खिट्टीही आहे का, चाकाचा आवाज एकसारखा येतोय का, पाळण्याच्या पायांखालचे लाकडी ठोकळे सरकलेले नाहीत ना, डब्यात माणसं कोंबत नाहीत ना. वारा सुटला असेल किंवा पाळणेवाला चालत्या चाकाजवळ फोनवर बोलत असेल तर तसंच परत फिरायचं. दोनदा फिरलोय. मुलगी रडली, तरी फिरलोय. ओढणी, पदर, मोकळे केस बांधूनच बसायचं. एवढं बघितल्यावर मात्र मी निर्धास्त बसते.

गेल्या वर्षी आईंचा गुडघा फारच दुखत होता. त्या नको म्हणाल्या, आम्ही आग्रह केला नाही. तिघंच बसलो, तर डबा एका बाजूला कलायला लागला. पाळणेवाल्याने विचारलं, "आजी कुठंय?" आई खाली कठड्याला धरून उभ्या होत्या, हातात मुलीच्या चपला. त्याने डबा पुन्हा खाली घेतला, लाकडी घडवंची पुढे सरकवली आणि हात दिला. आई चढल्या.

यंदा मुलीने आतापासूनच सांगून ठेवलंय की ती आजीच्या शेजारी बसणार नाही, समोर बसणार. शेजारी बसलं की आजीचं तोंड दिसत नाही.