फोटोखालची ओळ

लिहायचा नाद, कॅमेऱ्याचा नाद आणि इंग्रजी शुद्ध असावं हा हट्ट, हे तिन्ही ज्याच्या मागे लागलेत त्याचा कस फोटोखालच्या ओळीत लागतो. तिघांची भांडणं तिथेच.

सप्टेंबरातलं कास पठार घ्या. ऊन असेल तर उजाडल्यापासूनचा तास-दीड तासच कामाचा, नंतर तेरड्याचा गुलाबी रंग भगभगीत दिसतो. ढगाळ हवा असेल तर दिवसभर काढत बसा. सीतेची आसवं ही फुलं नखाएवढी, आणि वारा काही थांबत नाही. शटरचा वेग १/५०० सेकंद ठेवा, त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, ८०० पर्यंत गेला तरी चालेल. अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ बरं, एफ/२.८ वर ते मोठं उघडतं आणि इतक्या जवळून एकच पाकळी स्पष्ट येते, बाकी सगळं धूसर.

या वेळी वही काढू नये. डोक्यात वाक्यं जुळायला लागली की बोट उशिरा दाबलं जातं आणि फूल तोवर हललेलं असतं. ‘घरी गेल्यावर आठवेल’ हीसुद्धा शुद्ध थाप. मधला मार्ग म्हणजे मोबाइलवर वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग: फुलाचं नाव, पायाखालची जमीन, वास, कोण काय म्हणालं. मात्र निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्यायचं, नाहीतर कुठलं बोलणं कुठल्या फोटोचं याचा पत्ता लागत नाही.

संध्याकाळी मराठी मजकूर आधी, तोही फोटो न उघडता. फोटो समोर असला की हात आपोआप ‘हिरवंगार पठार, निळंशार आकाश’ लिहितो, आणि ते तर वाचणाऱ्याला दिसतंच आहे. चिखल किती होता, हे मात्र लिहावं लागतं. फोटोंची निवड त्यानंतर: शंभर टक्के मोठे करून हललेले आधी उडवा. रंगांना हात दुसऱ्या दिवशी लावावा. रात्री थकलेल्या डोळ्यांना सगळंच फिकं वाटतं आणि हिरवा नको तितका चढतो.

इंग्रजी ओळ सगळ्यात शेवटी. मराठीवरून ती उतरवायला गेलं की लांबते; पंचवीस शब्द पुष्कळ झाले. फोटोत घडतंय ते वर्तमानकाळात, मागची माहिती भूतकाळात. इंग्रजीतले नामाआधीचे ‘अ’ (a) आणि ‘द’ (the) आपल्याकडे नाहीत, म्हणून तिथेच पाय घसरतो: कृष्णा नदीच्या आधी ‘द’ हवा, कास तलावाच्या आधी नको. ‘ब्युटिफुल’ खोडून टाका, काही बिघडत नाही.

शास्त्रीय नाव देणार असाल तर पहिल्या शब्दाचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, दोन्ही शब्द तिरक्या टायपात. मोबाइलचं ऑटोकरेक्ट नेमकी याच्यातच ढवळाढवळ करतं, तेव्हा ते आधी बंद करा.