आबांची चूक आणि आमची वाटचाल

सुतारकामात खिळ्याला चूक म्हणतात. दोन इंची चूक, अडीच इंची चूक. इमारतींची चित्रं काढायच्या आमच्या धंद्याच्या मुळाशी अशीच एक अडीच इंची चूक आहे, आणि ती आमच्या आबांनी शेजारच्या काकूंच्या दाराच्या चौकटीत मारली होती.

आबा पेंटर. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फळ्या, गणपतीचे देखावे आणि खेड्यातल्या जत्रांना होणाऱ्या नाटकांचे पडदे अशी कामं ते घ्यायचे. पडदे रंगवण्याची या गावाला जुनी परंपरा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे भाऊ सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटकांचे पडदे रंगवत. आबा त्यांच्यापुढे काहीच नव्हते, पण गप्पा मारताना "आमच्या लायनीतलं मानूस" म्हणून बाबूरावांचं नाव घ्यायचे.

वीस फुटी पडदा घरात मावायचा नाही. मग सकाळी लवकर गल्लीत सतरंज्या टाकून, सरस आणि खडूची पूड लावून वाळवलेली मांजरपाट पसरायची आणि दोन्ही तोंडांना सायकली आडव्या लावून रस्ता बंद करायचा. राजवाडा कोपऱ्यातून दिसणारा असला की त्याच्या छज्जाच्या, सज्जाच्या, जोत्याच्या सगळ्या रेघा डावीकडे एकाच ठिकाणी जाऊन मिळायला हव्यात. ते ठिकाण पडद्याबाहेर सहा-सात फुटांवर, बरोबर काकूंच्या उंबऱ्यालगत यायचं. तिथं चूक ठोकून आबा तिला दोरा बांधायचे. दोऱ्याला काव चोळायची, दुसरं टोक त्यांच्या हातात ताणलेलं, आणि मी मधोमध दोरा चिमटीत धरून उचलायचा नि सोडायचा. टण्ण. मांजरपाटीवर तांबडी रेघ. आबा हातभर सरकायचे, पुन्हा टण्ण. तासाभरात गल्लीत राजवाडा उभा.

काकू वैतागायच्या. "तुमचा राजवाडा, आनि माझ्या दाराला मोळा व्हय?"

"सांजच्याला काढतो काकू," आबा म्हणायचे. ती चूक त्यांनी कधीच काढली नाही. दर पडद्याला परत कोण ठोकणार?

पुढे मी चित्रकलेच्या कॉलेजात गेलो तेव्हा या प्रकाराला यथार्थदर्शन म्हणतात, चुकेच्या जागेला लोपबिंदू म्हणतात आणि वर्गात सगळेच त्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात, हे कळलं. इटलीत फ्लोरेन्सला पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्की नावाच्या कारागिरानं हे आधी प्रयोगानं दाखवलं आणि १४३५ साली आल्बर्तीनं त्याची रीत लिहून काढली, हेही तिथंच शिकलो. नंतर कधीतरी वाचनात आलं की मिलानच्या मठातल्या भिंतीवर लिओनार्दोनं रंगवलेल्या येशूच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात, येशूच्या कानशिलापाशी खिळ्याचं भोक सापडलंय. खोलीच्या सगळ्या रेघा तिथं येऊन मिळतात. आबा तेव्हा हयात होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग? त्यानं बी दोराच मारला आसनार."

पण कॉलेजच्या दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते रंकाळ्यावर एका संध्याकाळी शिरलं. मला लोपबिंदू कळायचा, क्षितिजरेषा कळायची नाही. मी ती कागदाच्या मधोमध ओढून टाकायचो, सवयीनं. आमचे एक सर आम्हाला रंकाळ्याच्या काठावर घेऊन गेले आणि म्हणाले, "माणसांची डोकी बघा." फिरायला आलेली गर्दी होती. दहा फुटांवरचा माणूस मोठा, शंभर फुटांवरचा लहान, पार पलीकडचा तर बोटाएवढा. पण सपाट रस्त्यावर माझ्याएवढ्या उंचीच्या प्रत्येक माणसाचे डोळे एकाच आडव्या रेघेवर होते. पाय खालीवर, डोकी सरळ ओळीत, जशी दोरीवर कपडे घालावीत तशी. सर म्हणाले, "आता खाली बसा." फरशीवर मांडी घालून बसलो. तीच रेघ सगळ्यांच्या कंबरेच्या जरा खालून गेली. जवळच्याच्याही आणि लांबच्याच्याही. रेघ माझ्याबरोबर खाली बसली होती! क्षितिज तिकडं लांब शालिनी पॅलेसच्या मागं कुठंतरी असतं असं मला वाटत होतं. ते माझ्या डोळ्यांच्या उंचीला बांधलेलं आहे, मी गच्चीवर गेलो की तेही गच्चीवर येतं.

घरी येऊन आबांना विचारलं तर ते त्याला नुसतं "नजर" म्हणत होते. फोटो स्टुडिओवाल्यांना मागचे पडदे करून देताना त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "क्यामेरा किती उंचावर लावतोस?" तेवढ्या उंचीवर ते नजर धरायचे. नाहीतर पुढं खुर्चीवर बसलेलं नवरा-बायकोचं जोडपं आणि मागं रंगवलेला जिना, यांचा मेळ बसत नाही, जिना अंगावर कोसळतोय असं दिसतं. रंगमंचाच्या पडद्याला नजर नटाच्या डोळ्याला. तरीही एखादा हौशी राजा संवाद म्हणत म्हणत पार मागं पडद्याला जाऊन टेकला की लांबचा महाल त्याच्या खांद्याएवढा दिसायचा आणि पब्लिक हसायचं. आबा विंगेतून शिव्या घालायचे.

१९८६ साली मी स्वतःचं काम सुरू केलं. पडद्यांचा धंदा तोवर बसलाच होता. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत मात्र वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहायला लागली होती आणि बिल्डरला बुकिंगच्या आधी इमारत कशी दिसणार याचं रंगीत चित्र लागायचं. आर्किटेक्टकडून प्लॅन (वरून दिसणारा नकाशा) आणि एलेव्हेशन (समोरून दिसणारी बाजू) यांच्या अमोनिया प्रिंट, म्हणजे नकाशांच्या नकला, यायच्या. त्यावरून माउंटबोर्डवर पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे त्याच यथार्थदर्शनाच्या रीतीनं इमारतीचं चित्र काढायचं, पोस्टर कलरनं रंगवायचं. पहिल्या चित्राचे दीडशे रुपये मिळाले. दुसऱ्यानं मला धडा दिला.

चार मजली इमारत, रस्त्याच्या कोपऱ्यावरची, म्हणजे दोन बाजू दिसणार आणि प्रत्येक बाजूचा एक लोपबिंदू. माझं टेबल लहान. दोन्ही लोपबिंदू बाहेर जाऊ नयेत म्हणून मी ते तीस इंची बोर्डाच्या दोन्ही कडांवरच घेतले. रात्र-रात्र बसून रंगवलं, झाडं, आकाश, खाली एक फियाट. बिल्डरनं बोर्ड हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. "पावणं, ही इमारत हाय का जहाज?" कोपरा खरंच सुरीच्या पात्यासारखा पुढं आला होता. पैसे मिळाले नाहीत आणि मला बोलायला तोंडही नव्हतं.

का झालं ते नंतर गणित करून पाहिलं. इमारतीच्या दोन बाजू चित्राच्या प्रतलाशी, म्हणजे कागदाच्या पातळीशी, तीस आणि साठ अंशांचा कोन करत असतील, तर दोन लोपबिंदूंमधलं अंतर बघणारा चित्रापासून जेवढा लांब असतो त्याच्या सव्वादोन पटीहून थोडं जास्त येतं. ते मी तीस इंचांत कोंबलं म्हणजे बघणाऱ्याला चित्रापासून फक्त तेरा इंचांवर उभं केलं. तेवढ्या जवळून एवढी मोठी इमारत कोण बघतं? बघणारा तीन फुटांवर धरला, तर एक बिंदू मध्यापासून पावणेदोन फुटांवर जातो आणि दुसरा पाच फूट दोन इंचांवर. म्हणजे तीस इंची बोर्डाच्या कडेपासून जवळजवळ चार फूट बाहेर.

चार फूट बाहेर म्हणजे कुठं? आमच्या खोलीत तिथं कॉट होती. मी टेबलाला एक लांब फळी जोडली, ती कॉटवरून पलीकडच्या भिंतीपर्यंत नेली आणि फळीवर, टेबलाच्या पातळीतच, चूक ठोकली. दोरा आबांचाच, फक्त कावेऐवजी बारीक पेन्सिल. आमच्या सौ. तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. पंधरा दिवस त्या फळीखालून वाकून ये-जा करत होत्या. एकदा पाहुणे आले म्हणून त्यांनी फळी उचलून ठेवली आणि नंतर अंदाजानं परत लावली. अर्ध्या बोर्डावरच्या रेघा एका बिंदूला, उरलेल्या दुसऱ्याला. तेव्हापासून फळीच्या दोन्ही बाजूंना टेबलावर खुणा करून ठेवल्या आहेत. टेबल अजून आहे, खुणाही आहेत.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं चांगली गेली. तीन पोरं हाताखाली होती. एकजण नुसत्या रेघा बसवायचा, एकजण झाडं-माणसं, एकजण एअरब्रशनं आकाश. खिडक्यांची रांग बसवायला नवा पोरगा पट्टीनं मोजायला लागायचा, तेव्हा त्याला कर्णांची युक्ती शिकवायची. चौकोनाचे दोन कर्ण जिथं छेदतात तिथं त्याचा मध्य, पर्स्पेक्टिव्हमध्येसुद्धा. त्या मध्यातून लोपबिंदूकडं रेघ न्यायची. ती पहिल्या खिडकीची पुढची उभी कड जिथं छेदते, त्या बिंदूतून मागच्या कोपऱ्यापासून कर्ण काढला की पुढच्या खिडकीची जागा आपोआप मिळते. पट्टी नको, मोजमाप नको. पोरं पहिल्यांदा बघताना तोंड उघडं टाकायची.

१९९९-२००० च्या सुमाराला आर्किटेक्ट "थ्रीडी", म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं चित्र, मागायला लागले. मी दोन वर्षं हट्ट केला, हातकामाची सर मशीनला येत नाही वगैरे. ऑर्डरी बंद झाल्या तेव्हा हट्ट संपला. सहकारी बँकेचं कर्ज काढून दोन कॉम्प्युटर घेतले. एक चित्र रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरनं ते पूर्ण तयार करायला, रात्र जायची, आणि लोडशेडिंगच्या काळात पहाटे तीनला वीज गेली की सगळं पहिल्यापासून. त्या काळातली दुखणी इथं उगाळत नाही.

एवढंच सांगतो की आम्ही टिकलो ते सॉफ्टवेअर चांगलं येत होतं म्हणून नाही. ते आमच्यापेक्षा वीस वर्षांच्या पोरांना जास्त येत होतं. पण ती पोरं कॅमेरा घारीसारखा वर टांगायची, नाहीतर वर तोंड करून तिरका लावायची आणि इमारतीचे खांब वर एकमेकांकडं झुकायचे. तो तिसरा लोपबिंदू, आकाशातला, त्यांनी मागितला नव्हता तरी आलेला. आणि फोटोतली कापलेली माणसं चिकटवताना तर कहर. अंगणात दोन माणसं, एकाचं डोकं दुसऱ्या मजल्याच्या सज्जाला, दुसरा गाडीच्या टायरएवढा. गिऱ्हाइकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता यायचं नाही, तो फक्त म्हणायचा, "काहीतरी खोटं वाटतंय." आम्ही कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर, सरळ ठेवायचो आणि सगळ्या माणसांचे डोळे रंकाळ्यासारखे एका रेघेवर आणायचो. बाकीची चमकधमक नंतर.

आमच्याकडं नवं काम आलं की अजूनही फॉर्मवर पहिला रकाना आहे, "बघणारा कुठं उभा आहे?" पुष्कळ बिल्डर हसतात. एकानं लिहिलं, "हेलिकॉप्टरमध्ये." आम्ही तसं करून दिलं आणि सोबत रस्त्यावरून दिसणारं एक फुकट दिलं. जाहिरातीत त्यांनी रस्त्यावरचंच छापलं.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. कॉम्प्युटर आदल्या रात्री वर हलवले होते. माउंटबोर्डांचं कपाट कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या हातची शंभरएक पर्स्पेक्टिव्ह, पोस्टर कलर पाण्यात विरघळतो, काय उरणार? पाणी ओसरल्यावर बोर्ड उघडले तर रंग वाहून गेले होते आणि खाली पेन्सिलच्या रेघा मात्र काही ठिकाणी तशाच होत्या, सगळ्या डावीकडं धावणाऱ्या. मुलीनं, ती आर्किटेक्ट आहे आणि आता कामाचं बरंचसं तीच बघते, त्यातले चार वाळवून ठेवलेत. मी टाकून दे म्हणत होतो.

लॉकडाउनमध्ये काम थांबलं तेव्हा तिच्याच आग्रहानं शिकवणं सुरू केलं. आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेला ड्रॉइंगचा पेपर असतो, त्यासाठी मुलं येतात. पहिल्यांदा मोबाइलवर, आता दर शनिवारी प्रत्यक्ष. पहिल्या दिवशी कुणालाही पट्टी आणू देत नाही. संध्याकाळी पाचला रंकाळ्यावर जमायचं, आधी उभं राहून डोकी बघायची, मग फरशीवर बसायचं. कॉलेजची मुलं चारचौघांत फरशीवर बसायला लाजतात. परवा एका मुलीनं बसल्यावर विचारलं, "सर, म्हणजे मी जाईन तिकडं हे सोबत येणार?" मी म्हटलं, येणार, राजारामपुरीत पण येणार, सरळ गल्ली बघून ये.

आमच्या जुन्या गल्लीत आता काकूंच्या घराच्या जागी पाच मजली इमारत होते आहे. तिचं थ्रीडीचं काम आमच्याकडंच आलं. घर पाडायच्या आधी मी चौकट बघायला गेलो होतो. उंबऱ्यालगत चूक होती, गंजलेली, डोकं दोऱ्यानं एका बाजूला झिजलेलं. बिल्डरचा मुकादम म्हणाला, "काढून देऊ का साहेब?" म्हटलं, नको, राहू दे. तोवर चौकट जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकून झाली होती. त्या इमारतीचा कॅमेरा आम्ही आमच्याच जुन्या दारात ठेवला आहे, पाच फुटांवर.

पाऊस असला तर शनिवारचा वर्ग ऑफिसात होतो. मुलं जिन्यात चपला काढून ठेवतात, तेवढ्या जरा भिंतीकडं सारून ठेवा असं सांगायचं राहून जातं.