रिझर्व्ह पॅक झालं, कार्ड मात्र कोरं! स्कायडायव्हिंग गिअरचा माझा अनुभव

आधीच सांगते, जंप कशी झाली हे वाचायचं असेल तर ते शेवटी दोन ओळीत आहे. बाकी हे सगळं रिझर्व्ह पॅराशूटच्या नोंदींच्या एका तळहाताएवढ्या कार्डाबद्दल आहे, कारण त्या कार्डाने माझं डोकं जे फिरवलंय ते अजून जागेवर आलेलं नाही.

पटकन माहिती देते. मी कोथरूडला राहते, आयटीत आहे, स्कायडायव्हिंग बाहेर जाऊन शिकले. यूएसपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचं, ए लायसन्स आहे, म्हणजे किमान २५ जंप, परीक्षा वगैरे. ते सगळं छान झालं त्यामुळे त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुण्यात हे कोणाला सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो "म्हणजे आपल्या शीतल महाजनसारखं?" मी म्हणते हो, खेळ तोच, फक्त त्यांनी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारलीय, २०११ ला पद्मश्री मिळालीय आणि २०१८ ला थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारलीय, आणि मी आपली टीशर्ट घालून मारते. (नऊवारीचं एक बरंय, काष्टा असतो त्यामुळे लेग स्ट्रॅप मांडीला नीट बसत असतील. पाचवारीत अवघड होतं.)

तर मी एक सेकंडहँड रिग घेतली. रिग म्हणजे पाठीवरची ती बॅग, तिच्यात दोन पॅराशूट असतात, खाली मेन आणि वर रिझर्व्ह, म्हणजे मेन बिघडलं तर वापरायचं. मेन आपलं आपण पॅक करू शकतो, शिकवतातच ते. रिझर्व्ह मात्र फक्त सर्टिफाइड रिगरनेच, म्हणजे पॅराशूट तपासून पॅक करणाऱ्या तज्ज्ञानेच, पॅक करायचं, आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दर १८० दिवसांनी, पूर्वी तर १२० होते, २००८ ला वाढवले. वापरलं असो वा नसो. उघडायचं, कापड आणि दोऱ्या तपासायच्या, हवा लागू द्यायची, परत घडी घालून सील करायचं.

हे "वापरलं असो वा नसो" आमच्या घरात कोणालाच पचलं नाही. आई म्हणाली अगं ते उघडलंच नाहीस तर परत पॅक कशाला करायचं, पैसे वर आलेत का. शेवटी बाबांना म्हटलं तुमची स्कूटर पार्किंगमध्ये उभीच असते तरी पीयूसी काढता ना? तेव्हा गप्प बसले. आई नाही बसली. तिने मी ऑफिसला गेल्यावर माळ्यावर रिगच्या शेजारी डांबरगोळ्या ठेवल्या, कसर लागू नये म्हणून. तर पहिली टिप हीच समजा: रिग कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवायची, ऊन नको कारण त्याने नायलॉन कमजोर होतं, आणि कुठलंही केमिकल, बॅटरी, ॲसिड, डांबरगोळ्या जवळ नको. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यापेक्षा कपाट बरं.

आता मुख्य मुद्दा. पुण्यात मला रिगर मिळाला नाही. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारा एक मित्र म्हणाला आमच्याकडे दे, आमची रिझर्व्ह आम्हीच पॅक करतो. प्रेमाने म्हणाला पण प्रकार वेगळा आहे. त्यांचं रिझर्व्ह हाताने बाहेर फेकायचं असतं, आमचं स्प्रिंगवाल्या पायलट शूटने (छोटं पॅराशूट, मोठ्याला बाहेर ओढणारं) फ्रीबॅगमधून, म्हणजे त्याच्या आतल्या पिशवीतून, खेचलं जातं, तेही माणूस ताशी दोनशे किलोमीटरने खाली पडत असताना. त्याला नको म्हटलं, तो थोडा रुसला.

मग ओळखीतून एक रिगर मिळाला, लांबच्या शहरातला, नाव सांगत नाही. बोलायला गोड. कुरियरच्या काउंटरवर "ह्यात काय आहे" ला पॅराशूट सांगितल्यावर तिथल्या दादांनी दोनदा माझ्याकडे आणि एकदा बॅगेकडे बघितलं, पण घेतलं बाबा. रिग गेली. आठवडा झाला, "मॅडम कल पक्का". दुसरा आठवडा, परत कल पक्का. इकडे माझी थायलंडची तिकिटं काढून झालेली, रजा मंजूर झालेली, आणि आमच्या मॅनेजरकडून रजा मंजूर करून घेणं हा वेगळाच एक्स्ट्रीम स्पोर्ट आहे. शेवटी एकदाची रिग आली.

आल्या आल्या मी बेडवर ठेवून वरचा फ्लॅप उघडला. रिझर्व्हची पिन नीट, लाल धागा आहे, धाग्यावर शिशाचं छोटं सील आहे. हा धागा मुद्दाम हलका असतो, हँडल ओढलं की सहज तुटावा म्हणून, आणि सीलवर त्या रिगरची खूण दाबलेली असते, म्हणजे मधे कोणी उघडलं तर कळतं. एएडी चालू केलं, एएडी म्हणजे ते छोटं कॉम्प्युटर जे आपण शुद्धीत नसलो तरी रिझर्व्ह उघडतं, माझं सायप्रेस नावाचं आहे, त्याची सेल्फ टेस्ट दहापासून उतरत शून्यावर येऊन थांबली. छान. मग रिगच्या खिशातून पॅकिंग डेटा कार्ड काढलं, रिझर्व्ह कधी कोणी पॅक केलं ते ह्यावर लिहायचं असतं.

आधीच्या मालकाच्या वेळच्या नोंदी होत्या. तारीख, ठिकाण, काय काम केलं, रिगरची सही आणि सर्टिफिकेट नंबर, ओळीने. त्याखालची ओळ, जिथे ह्याने लिहायला हवं होतं, ती कोरी. तारीख नाही, सही नाही, काहीच नाही.

फोन केला. "मॅडम, पॅक तो कर दिया है, सील लगा है ना?" म्हटलं लगा है, पण कार्ड? तर म्हणे अरे हां, राहिलं असेल, गडबडीत होतो. बरं, माणूस आहे, राहतं एखाद्याचं. पण पुढे काय म्हणाला ऐका. म्हणाला तुम्हीच लिहून टाका ना, मी तारीख आणि नंबर व्हॉट्सॲप करतो, खाली माझं नाव टाका. म्हणजे मी त्याची सही करायची! ज्या कापडावर मी लटकणार त्याच्या कागदावर मीच खोटी सही करायची! मी म्हटलं ते जमणार नाही. मग म्हणाला ठीक आहे, नुसतं कार्ड कुरियर करा, सही करून पाठवतो. आता हा मार्ग ऐकायला बरा वाटतो, घरचेही म्हणाले कर की, आणि मीही एक रात्र विचार केला. पण मग विचारलं त्याला, की भाऊ रिग नेमकी कुठल्या तारखेला उघडली होती, सायप्रेसच्या सर्व्हिसची तारीख बघितली का, क्लोजिंग लूप बदलला का. तर ह्याला काहीच आठवेना. तारीख म्हणे पंधराच्या आसपास. लूप म्हणे बदला ही होगा.

बदला ही होगा!!

इथे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते मी एवढी का चिडले. हा क्लोजिंग लूप म्हणजे बोटभर दोरी, तिच्यातून पिन जाते आणि सगळं रिझर्व्ह त्या दोरीने बंद राहतं. वरून येताना मेन बिघडलं तर उजवं हँडल ओढून मेन सोडून द्यायचं, मग डावं ओढून रिझर्व्ह. आरएसएल (मेनपासून रिझर्व्हच्या पिनेपर्यंतची पट्टी) जोडलेलं असेल तर मेन सुटतानाच ते पिन खेचतं. आणि आपण काहीच केलं नाही तर साधारण ७५० फुटांवर, अजूनही जोरात पडत असलो, तर एएडी ती दोरी कापतं. बस, कापतं एवढंच. त्याच्या पुढे जे बाहेर येतं ती त्या रिगरने घातलेली घडी असते आणि ती मला बाहेरून दिसत नाही. मेन मी रोज बघते, स्वतः पॅक करते, त्यात काय आहे मला माहितेय. रिझर्व्हबद्दल माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त सील आणि ते कार्ड. सीलवरून कळतं की कोणीतरी बंद केलंय. कधी, काय बघून, ते फक्त कार्डावर.

पुढचे काही दिवस आमच्या घरात आणि ग्रुपवर ह्या कार्डाची संसद भरली. एका अनुभवी दादाने सांगितलं की अगं एवढं काय, सील आहे म्हणजे झालं. दुसरा म्हणाला डीझेडवाले (ड्रॉप झोन, म्हणजे जंप करायची जागा चालवणारे) कार्ड बघतच नाहीत सगळीकडे (बघतात. मी जिथे गेले तिथे जंप करण्याआधी पहिली गोष्ट तीच मागितली). आईचं वेगळंच, ती म्हणाली तू जाऊच नकोस. रिगरचे मेसेज चालूच, मॅडम ट्रस्ट कीजिए. मला खरं सांगायचं तर त्या शब्दाची ॲलर्जी झालीय आता. मला तिकिटाचे पैसे दिसत होते, रजा दिसत होती, दात ओठ खाऊन मी त्याच रिगरला परत रिग पाठवायचा विचार केला पण पुन्हा "कल पक्का" ऐकायची ताकद नव्हती.

शेवटी ठरवलं की आहे तशी रिग न्यायची आणि तिकडच्या रिगरकडून पुन्हा करून घ्यायची. डीझेडला आधी ईमेल टाकला, त्यांनी लगेच वेळ दिली. हे आधी करा बरं का, पोचल्यावर विचाराल तर रिगरकडे रांग असते आणि तुमची सुट्टी त्याच्या दारात बसून जाते. लोहगाववरून निघाले, रिग हँडबॅगेजमध्ये. एएडीसोबत एक्सरेचं चित्र असलेलं कार्ड येतं, ते हातात धरा, स्क्रीनवर दिसणारं काय आहे ते त्यावर छापलेलं असतं. कार्ड दाखवलं, दोन प्रश्न, झालं. मला वाटलं होतं इथे अडकेन, तर इथे पाच मिनिटं.

तिकडचा रिगर म्हातारा, कमी बोलणारा. माझ्यासमोर सील तोडलं, मला हँडल ओढायला लावलं (खरंच ओढून बघायला मिळतं, मागून घ्या ही संधी, किती जोर लागतो ते हाताला कळतं), स्प्रिंग टुणकन उडाली, मग सगळं लांब टेबलवर पसरवून बघत बसला. मी शेजारी उभी. आणि निघालं काय? काही नाही. घडी व्यवस्थित होती, दोऱ्या स्वच्छ, लूपसुद्धा नवा. पहिल्या माणसाने काम नीट केलं होतं!

घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली बघ, उगाच पैसे घातलेस. मला अजिबात उगाच वाटत नाही. मला ते आत्ता कळलं, टेबलावर बघून. पुण्यात कळायचा काहीच मार्ग नव्हता, कारण ज्याला माहीत असायला हवं त्यालाच आठवत नव्हतं. ह्या म्हाताऱ्या रिगरने पॅक केल्यावर पेन काढलं, तारीख, ठिकाण, नंबर, सही, आणि मगच रिग माझ्या हातात दिली. मी कार्डाचा फोटो काढला, तुम्हीही काढत जा, आणि १८० दिवस मोजून फोनमध्ये रिमाइंडर लावा, त्याच्याही महिनाभर आधीचा.

आता बाकीचं, आठवेल तसं.

चेक तीनदा करायचा: रिग अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी, आणि दार उघडण्याआधी. तीन रिंगा (मेन ह्यांनीच रिगला जोडलेलं असतं, दोन्ही खांद्यांवर, आणि लूप फक्त सगळ्यात लहान रिंगेतून गेलेला हवा), तीन हँडल (मेन उघडायचं, मेन सोडायचं, रिझर्व्हचं), तीन स्ट्रॅप (एक छातीचा, दोन मांड्यांचे). ह्या थ्री रिंग सिस्टिमचं श्रेय बिल बूथला, सत्तरच्या दशकातली आहे आणि अजून तीच चालते. चेस्ट स्ट्रॅप नुसता ओढून बघू नका, बकलमधून कसा ओवलाय ते डोळ्यांनी बघा. चुकीचा ओवलेला स्ट्रॅप जमिनीवर घट्ट वाटतो. मी ह्याच ट्रिपला एका मुलाचा तसा बघितला, त्याला सांगितलं, तो थँक्स म्हणाला आणि नीट केला, संपलं.

चेक चालू असताना कोणी हाक मारली, सेल्फी मागितला, तर पुन्हा पहिल्यापासून. मधूनच नाही. लोक आखडू म्हणतात, म्हणू देत.

मेनचं पायलट शूट कॉक (म्हणजे उघडायला तयार) केलंय का ते छोट्या खिडकीतल्या रंगावरून कळतं, रंग दिसला नाही तर मेन उघडताना घोळ. ब्रायडल, म्हणजे पायलट शूटची पट्टी, पिनपर्यंत मोकळी गेली पाहिजे, कुठल्या स्ट्रॅपखालून नाही. अल्टिमीटर जमिनीवर शून्य. आरएसएलचा शॅकल (कडी) रायझरला, म्हणजे मेन खांद्याशी जोडणाऱ्या पट्टीला, लावलाय का, हे मेन काढून परत जोडलं असेल तेव्हा खास बघा.

विमानात पाठीची पिन आपल्याला दिसत नाही, म्हणून शेजाऱ्याला सांगायचं पिन चेक कर. लाजायचं नाही. उघड्या दाराशी कंटेनर (पाठीवरची बॅग) उघडला तर कापड बाहेर खेचलं जातं, त्यामागे तुम्ही, आणि मधे विमानाची शेपटी. म्हणून आत सरकतानासुद्धा एक हात हँडलवर. सीटला पाठ घासत बसणाऱ्यांना मी सरळ ओरडते.

जंप १३००० फुटांवरून, साधारण साठ सेकंद फ्रीफॉल. मस्त झाली. मेन उघडलं, रिझर्व्हला हात लावायची वेळ आली नाही.

परवा त्या पहिल्या रिगरचा मेसेज आला, मॅडम नेक्स्ट रीपॅक ड्यू होगा, डिस्काउंट दूंगा. मी त्याला नवीन कार्डाचा फोटो पाठवला, सहीच्या रकान्याला लाल गोल करून. म्हणाला, "ये किसने किया? इतना तो मैं भी कर देता."