चपलांच्या कपाटावर नऊ दिवस

तोक्योच्या एदोगावा भागात राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. डब्याच्या घाईत बेल वाजली. दार उघडलं तर कोणी नाही, कडीला एक पिशवी लटकलेली. आत परीक्षेला नेतो तसला पॅड आणि त्याला लावलेले सहा-सात कागद, सगळे जपानीत. जाहिराती असतील, म्हणून मी तो चपलांच्या कपाटावर टाकला. तिथे तो नऊ दिवस पडून होता.

दहाव्या दिवशी पलीकडच्या आजी आल्या. कमरेत वाकून माफी मागितली (चूक माझी, माफी त्यांची!) आणि हळूच विचारलं, "काइरानबान तुमच्याकडे आहे का हो?"

काइरानबान म्हणजे फिरता सूचनाफलक. गल्लीतल्या दहा-पंधरा घरांचा एक गट, अशा गटांची मिळून चोनाइकाइ, म्हणजे आपलं आळीचं मंडळच. वरच्या कागदावर घरांची यादी असते. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा किंवा सही करायची आणि पॅड पुढच्या घरी पोचवायचा. माझ्याकडे अडकला म्हणजे पुढच्या सात घरांच्या बातम्या बंद! त्यात गल्लीच्या साफसफाईचा रविवार कळवलेला होता. तो उलटून गेला होता. मी अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखी झाले.

तेव्हापासून पॅड आला की भाषांतराचं अॅप घेऊन बसते. नववर्षाच्या सुट्टीत कचरा कधी उचलणार, ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, नाचाला तंबू कोण उभारणार, नातू असल्याचं भासवून म्हाताऱ्यांकडून पैसे उकळणाऱ्या फोनपासून सावध राहा... आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर असलं काही सापडायला आधी चाळीस 'शुभ सकाळ' ओलांडावी लागतात.

या पॅडचा इतिहास मात्र तितका गोड नाही. 1940 साली सरकारने देशभर शेजाऱ्यांचे गट बांधले. रेशन आणि सरकारी हुकूम याच वाटेने घरोघरी जायचे, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवणंही त्यातच आलं. युद्धानंतर, 1947 मध्ये, अमेरिकी ताब्याच्या काळात ते गट मोडीत निघाले. आजची मंडळं ऐच्छिक आहेत. सभासद व्हायला तरुण मंडळी फारशी राजी नसतात, आणि मला त्यांचंही पटतं. वर्षभर गटप्रमुख होऊन वर्गणी गोळा करत फिरायची हौस कोणाला?

पण एदोगावाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. 2019 मध्ये इथल्या वॉर्डाने घरोघरी वाटलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, आमच्याच भागावर, सरळ लिहिलं होतं: 'इथे थांबू नका'. मोठा पूर आला तर पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असंही त्यात आहे. आजी एकट्या राहतात. पॅड त्यांच्या कडीला अडकवून आले तरी चालतं, पण मी बेल वाजवतेच. त्या दार उघडेपर्यंत थांबते. कधी दोन संत्री हातात पडतात, कधी गुडघ्यांची तक्रार.

गेल्या महिन्यात पॅड आला तेव्हा साफसफाईच्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. अवघड अक्षरांच्या डोक्यावर, बारीक थरथरत्या अक्षरात, कोणीतरी हिरागाना, म्हणजे उच्चार सांगणारी सोपी जपानी लिपी, लिहून ठेवला होता, पहिलीतल्या मुलांना लिहून देतात तसा. यादीत आमच्या आधीचं घर गटप्रमुखांचं आहे. त्यांनी लिहिला म्हणावं, तर ते चाळिशीचे आहेत, हात थरथरायचं काही कारण नाही. सही करून मी पॅड आजींकडे नेला. त्यांनी कागद चाळले, पेन्सिलीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "रविवारी येणार ना? हातमोजे आणा."